सत्काराला अस्वल पाहिजे

एका जंगलात, मुलांनो, वाघ नव्हता. पूर्वी होता, पण कंटाळून गेला. मग जंगल कोणी चालवायचं, असा प्रश्न पडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून एक समिती नेमली. हसू नका. तुमच्या गल्लीतही आहे ती.

समिती काय करायची? सत्कार करायची. दरवर्षी होळी झाली की मोठ्या वडाखाली मांडव पडायचा आणि एका थोर प्राण्याला शाल, नारळ आणि मानपत्र मिळायचं. रानरेड्याचा सत्कार झाला, एकाच डबक्यात चाळीस वर्षं बसल्याबद्दल. माकडाचाही झाला. तो कशाबद्दल, हे माकडाने विचारलं नाही आणि समितीनेही सांगितलं नाही. होता होता जंगलातले थोर प्राणी संपले.

अध्यक्ष होते बळवंतराव साळिंदर. त्यांच्या अंगावर इतके काटे, की त्यांना शाल पांघरायला कोणी धजावत नसे. म्हणून ते कायमचे अध्यक्ष. चिटणीस होती टिटवी. ती बोललेलं सगळं लिहून घ्यायची आणि न बोललेलंही.

तर यंदा सत्कार कोणाचा, यावर चार बैठका झाल्या. पाचव्या बैठकीत कोणाला तरी वैद्य रखमाजी आठवले.

हे रखमाजी म्हणजे एक म्हातारं अस्वल. झाडपाल्याचं औषध द्यायचे आणि गुण हमखास यायचा. पण पथ्य फार. मोहाची फुलं बंद, चिंचा बंद, दुपारची झोप बंद. शिवाय स्वभाव तिरसट. रानडुकराला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की तुझा आजार म्हणजे तुझं पोट. हळूहळू लोक त्यांच्याकडे जाईनासे झाले आणि बारा वर्षांपूर्वी रखमाजी डोंगरापलीकडे निघून गेले. समोर होते तोवर त्यांना कोणी विचारलं नाही. गेल्यावर मात्र ते थोर झाले, हे तुम्हाला सांगायला नकोच.

ठराव झाला, मांडव पडला, पताका लागल्या. बळवंतरावांनी मानपत्र लिहिलं. केळीची अकरा पानं भरली. सत्काराच्या दिवशी सकाळी टिटवीने भीत भीत विचारलं, की वैद्यराजांना कोणी कळवलंय का?

कोणीच कळवलं नव्हतं. समिती ती, तिला काय माहीत सत्काराला माणूसही लागतो!

धावाधाव झाली. डोंगरापलीकडे जायला दोन दिवस लागतात आणि सत्कार तर दुपारी. तेवढ्यात नदीकाठी एका पोळ्यात तोंड घालून बसलेलं अस्वल दिसलं. ते होतं झिपरू. कुठलं कोण, वाटसरू. चार दिवस उपाशी होतं. बळवंतराव म्हणाले, चला वैद्यराज. झिपरू म्हणाला, मी झिपरू. बळवंतराव टिटवीकडे वळून म्हणाले, की मोठ्यांना स्वतःच्या नावाचा असाच तिटकारा असतो, लिहून घ्या. मग त्यांनी सांगितलं की सत्कारानंतर जेवण आहे. झिपरू उठला. उपाशी पोटाने नावासाठी भांडणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

शाल झाली, नारळ झाला. मानपत्राचं वाचन दोन तास चाललं. वैद्यराजांचं कष्टाचं बालपण, त्यांची विद्या, त्यांचा त्याग. ऐकता ऐकता झिपरूच्या डोळ्यांना पाणी आलं. एवढ्या चांगल्या प्राण्याला आपण कधी भेटलो नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

जेवून तो हळूच निघणार होता. पण मांडवाबाहेर रोग्यांची रांग लागली होती.

झिपरूने काय करावं? समोर येईल त्याला तो म्हणाला, "उगी राहा, पाणी पी, तीन दिवसांनी ये." तीन दिवसांनी बहुतेक सगळे बरे झाले. बहुतेक आजार तसेच असतात, पण हे वैद्यांना सांगू नका. पथ्य नाही, कडू काढा नाही आणि वर प्रेमाने पाठीवरून हात. वैद्यराजांची विद्या परमुलखात पिकली, असं जंगल म्हणू लागलं. ओढ्याजवळची गुहा झिपरूला मिळाली. रोज सकाळी दारात मध येऊ लागला. त्याचं चित्र काढून वडाला टांगलं गेलं. झिपरू गुटगुटीत झाला आणि आरशासारख्या त्या ओढ्यात बघताना त्यालाही कधी कधी वाटायचं, की असेनही मी रखमाजी.

मग येसू हरिणीचं पाडस आजारी पडलं.

येसूचं हे एकुलतं एक. कसला तरी विषारी पाला त्याने खाल्ला आणि ते पाय ताठ करून पडलं. येसू धावत आली. झिपरूने नेहमीचं सांगितलं. तीन दिवस गेले आणि पाडसाला मानही उचलवेना. येसू पुन्हा आली. झिपरू तिच्याबरोबर घरी गेला आणि त्या पोराकडे पाहून दारातच थबकला. आळशी होता, खादाड होता, पण वाईट नव्हता हो तो.

"बाई, मी वैद्य नाही. मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला.

येसू म्हणाली, की बुवा, तुमच्या विनयाच्या गोष्टी ऐकल्यात मी, पण आत्ता नको, आत्ता औषध द्या.

झिपरू तडक समितीपुढे गेला. भर बैठकीत त्याने सगळं कबूल केलं. मी तोतया, मी झिपरू, मला हाकला पण त्या पोरासाठी खरा वैद्य आणा. बैठकीत सगळे गहिवरले. वैद्यराजांच्या नम्रतेबद्दल त्यांच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टिटवीने 'तोतया' या शब्दापुढे 'असे ते विनोदाने म्हणाले' असं लिहिलं.

बैठक संपल्यावर बळवंतरावांनी त्याला बाजूला घेतलं. ते मुळीच गहिवरलेले नव्हते.

"हे बघ, तू कोण आहेस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "पण मानपत्र मी वाचलंय. अकरा पानं. तू खोटा ठरलास तर मी खोटा ठरतो. आणि मी खोटा ठरणार नाही."

झिपरूने जास्त वाद घातला नाही. तो तसाच डोंगराकडे सुटला. आयुष्यात कधी धावला नव्हता, तो त्या दिवशी धावला. दोन दिवसांची वाट त्याने एका दिवसात तुडवली. रखमाजी सापडले. वाळून काटकी झालेले, एका डोळ्याने अधू, कुठलंसं मूळ उगाळत बसलेले. झिपरूने त्यांचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं. रखमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, की मानपत्रात गुळवेलीच्या काढ्याचा उल्लेख होता का? नव्हता. म्हातारा फार चिडला. झिपरूवर नाही, मानपत्रावर. पण चिडता चिडता त्यांनी मुळ्यांची झोळी खांद्याला लावली होती.

म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन झिपरू परत धावला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं येसूच्या दारात होते. रखमाजींनी पाडसाचं तोंड उघडलं, जीभ पाहिली, येसूला मूर्ख म्हणाले, झिपरूला गाढव म्हणाले आणि कडू रस त्या पोराच्या घशात ओतला. पाडस ओकलं. तासाभराने त्याने कान हलवला. येसू पोराला चाटत सुटली. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं, लक्षात ठेवा.

आता म्हाताऱ्याने गप्प बसावं की नाही? पण खऱ्या लोकांना ती एक खोड असते. ते वडाखाली गेले, आपल्या नावाखाली टांगलेलं ते गुबगुबीत चित्र पाहिलं आणि ओरडून म्हणाले, की हा कोण? रखमाजी मी आहे.

झालं. पंच बसले, मुख्य पंच अर्थात बळवंतराव. त्या जंगलाचा एक कायदा होता. तोतया सापडला, की सूर्य मावळायच्या आत नदीपार, आणि परत यायचं नाही. म्हाताऱ्याला चित्राशेजारी उभं केलं. चित्राशी त्यांचं काहीच जुळेना. मूळ वैद्यराज इतके हडकुळे नव्हते, असं तीन पंच म्हणाले. त्यातल्या दोघांचा जन्म वैद्यराज गेल्यानंतरचा होता. झिपरू ओरडून सांगत होता, की अरे हेच खरे. पंचांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. दुसऱ्याला स्वतःचं नाव देऊन टाकायला निघालेत, काय हे मोठं मन!

शेवटी साक्षीला एकटी येसू उरली. औषध कोणी दिलं हे फक्त तिने पाहिलं होतं.

बळवंतराव तिच्याशी फार गोड बोलले. ते म्हणाले, की येसूबाई, रखमाजी काही दोन असू शकत नाहीत. एक जण आज नदीपार जाईल. आमचे वैद्यराज तर जाणार नाहीत, तेव्हा विचार करून बोला.

येसूने विचार केला. खरं सांगितलं तर बळवंतराव साक्षच फेटाळणार आणि म्हातारा नदीपार. गप्प बसली तरी म्हातारा नदीपार. तिने रखमाजींकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "औषध अजून किती दिवस द्यावं लागेल?"

"एकवीस. रोज ताजं, आणि हात माझाच लागेल," रखमाजी म्हणाले.

येसू पंचांकडे वळली. चित्राकडे बोट करून ती म्हणाली, की वैद्यराज तेच. हे म्हातारबाबा कोणी तोतया नाहीत. हे वैद्यराजांचे कंपाउंडर. डोंगरातून औषधं घेऊन आलेत. वयामुळे कधी कधी भ्रम होतो त्यांना.

बळवंतरावांचे काटे हळूहळू खाली बसले. कोणीच खोटं ठरत नव्हतं, यासारखा निकाल नाही. फक्त येसूला म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं. मेल्यात जमा झालेलं आपलं पोर ज्याने उठवलं, त्याचं नाव तिने सगळ्यांदेखत काढून घेतलं होतं आणि तो तिच्याकडेच बघत होता.

टिटवीने विचारलं, की कंपाउंडरचं नाव काय लिहू?

झिपरूने तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याने त्याला हाताने गप्प केलं. झोळी सावरली. सूर्य किती वर आलाय ते पाहिलं. दुपारचं औषध उगाळायची वेळ झाली होती.

"झिपरू लिहा," वैद्य रखमाजी म्हणाले आणि येसूच्या घराकडे चालू लागले.

पाडस बरं झालं. मोठंही झालं. ओढ्याजवळच्या त्या गुहेत पुढच्या दाराने रोगी येतात. वैद्यराज त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात, उगी राहा म्हणतात आणि मान खाली घालून मागच्या दाराकडे पाठवतात. तिथे एक तिरसट म्हातारा मुळ्या उगाळत बसलेला असतो. तो सगळ्यांना शिव्या देतो आणि सगळ्यांना बरं करतो. जंगल म्हणतं, वैद्यराज देवमाणूस, पण कंपाउंडर अगदीच फाटक्या तोंडाचा.

पाडसाच्या पायात काटा मोडला, की ते मागच्याच दाराने धावतं आणि लांबूनच हाक मारतं, "वैद्यबाबा!" मग येसू इकडे तिकडे बघते, त्याला पाठीत एक धपाटा घालते आणि म्हणते, की कंपाउंडरकाका म्हण.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. कोणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे भिण्याचं कारण नाही. खोटं मात्र अगदी गरज पडेल तेव्हाच आणि पंचांसमोरच बोलावं, कारण ते लिहून घेतलं जातं.