ढोली क्रमांक सातमधलं गलबत

एका जंगलात, मुलांनो, जागा संपली.

झाडं होती, पण बिळं भरली होती आणि गुहांसाठी नंबर लावावे लागत होते. तेव्हा राजाने हुकूम काढला, की यापुढे सगळ्यांनी झाडांच्या ढोल्यांमध्ये एकावर एक राहावं आणि त्याला प्रगती म्हणावं. सगळे राहू लागले. प्रगतीही म्हणू लागले.

अशाच एका जुन्या उंबरात, तिसऱ्या फांदीवर, ढोली क्रमांक सातमध्ये दिगंबरराव साळिंदर आणि त्यांच्या पत्नी कुमुदबाई राहत. साळिंदर झाडावर कसं चढलं, असं विचारू नका. जागेची टंचाई असली की कोणीही कुठेही चढतं.

ढोली लहान होती. दिगंबरराव वळले की कुमुदबाईंना स्वयंपाकाच्या कोनाड्यात सरकावं लागे, आणि कुमुदबाई वळल्या की दिगंबररावांना अंगावरचे काटे मिटून घ्यावे लागत. सामान म्हणजे एक पलंग, एक कपाट आणि एक जेवणाचं टेबल. टेबल कुमुदबाईंच्या माहेरचं होतं.

दिगंबरराव दरबाराच्या शिंगमोजणी खात्यात होते. दिवसभर हरणांची शिंगं मोजायची, पाच वाजता फूटपट्टी पुसून ठेवायची आणि घरी यायचं. घरी आल्यावर ते गलबत बांधत.

खरं गलबत नव्हे. गलबताचा नमुना. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मोठमोठ्यांच्या ते लक्षात राहणार नाही. पन्नास हात लांबीचं गलबत दिगंबररावांनी एका हातात बसवायला घेतलं होतं. त्या जंगलातून समुद्र दिसत नसे. नदीसुद्धा तीन डोंगर पलीकडे होती. पण एकदा रद्दीत त्यांना गलबताच्या बांधणीचा एक जुना नकाशा सापडला आणि तेव्हापासून त्यांना चैन पडेना.

सागाच्या पातळ पट्ट्या दातांनी तासायच्या. भाताच्या पातेल्याच्या वाफेवर धरून वाकवायच्या. डिंकाने चिकटवायच्या आणि वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून ठेवायच्या. डोलकाठ्या स्वतःच्याच गळलेल्या काट्यांच्या. दिवसाला एक पट्टी. एखादी पट्टी केसभर वर बसली, तर ती रांग उकलून पुन्हा पहिल्यापासून.

असं अकरा वर्षं चाललं होतं. टेबलावर.

"अहो, चिमटे कुठे आहेत?" कुमुदबाई विचारत.

"लागलेत."

"धुणं वाऱ्यावर चाललंय माझं."

"उद्यापर्यंत थांब. डिंक ओला आहे."

"तुमचा डिंक अकरा वर्षं ओला आहे."

जेवण पलंगावर होई, मांडीवर ताटली घेऊन. पाहुणे आले तर एकाने पलंगावर बसायचं आणि बाकीच्यांनी फांदीवर उभं राहायचं. पाहुणे कमी झाले. सोसायटीच्या सभेत डिंकाच्या वासाचा विषय चार वेळा आला आणि कुरतडण्याच्या आवाजाचा सहा वेळा. जिन्यात दिगंबररावांना पाहून शेजारी म्हणत, "काय होडीवाले, आज कोणत्या बेटावर?"

दिगंबरराव नम्रपणे सांगत, "होडी नाही. गलबत."

कुमुदबाईंनी एकच वचन घेतलं होतं. गलबत पूर्ण झालं की ते कपाटावर जाईल आणि टेबल त्यांना परत मिळेल. पूर्ण होण्याची वाट त्याही पाहत होत्या, फक्त वेगळ्या कारणाने.

शेवटी एका रविवारी दिगंबरराव म्हणाले, "आता फक्त पिंपं राहिली."

"कसली पिंपं?"

"पिण्याच्या पाण्याची. तळघरात चाळीस असतात."

"तळघरावर तुम्ही फळ्या ठोकणार ना?"

"हो."

"मग आत कोण बघणार आहे?"

दिगंबररावांनी थोडा विचार केला. "कोणी नाही. पण नसली तर मला माहीत असेल ना, की ती नाहीत."

कुमुदबाई भाताचं पातेलं उतरवायला गेल्या. चाळीस पिंपांना आणखी चार महिने लागले. प्रत्येक पिंप हरभऱ्याएवढं, आणि प्रत्येकाला तांब्याची कडी. वरच्या फळ्यांत त्यांनी एक झडप ठेवली, म्हणजे आपल्याला तरी कधीतरी पाहता येईल. मग गलबत कपाटावर गेलं. त्या दिवशी दोघं अकरा वर्षांनी टेबलाशी समोरासमोर बसून जेवली. कुमुदबाईंनी आमटी दोनदा घेतली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण जंगलात राजा होता, आणि राजाला दरबार होता.

त्या वर्षी दरबाराने पूरनिवारणाची मोहीम काढली. पूर आलेला नव्हता, म्हणूनच तर दरबाराला वेळ होता. प्रत्येक झाडाने आपल्याकडच्या बचाव साधनांचा तक्ता भरून पाठवायचा होता. बादल्या किती, दोर किती, शिड्या किती, जहाजं किती. ज्याचा तक्ता सर्वांत भरलेला, त्याला 'आदर्श झाड' अशी पाटी मिळणार होती.

सोसायटीचे सेक्रेटरी विष्णुपंत मुंगूस तक्ता घेऊन घरोघर फिरत होते. ढोली सातमध्ये आले तेव्हा त्यांना दोन बादल्या हव्या होत्या. त्यांची नजर कपाटावर गेली.

"दिगंबरराव, ते काय आहे?"

"गलबत."

"गलबत म्हणजे जहाजच ना?"

"जहाजाचाच प्रकार. पण..."

विष्णुपंतांनी लिहिलं. जहाज: एक.

"अहो, ते हातभर आहे. नमुना आहे. तसं लिहा."

"लांबीचा रकाना नाही यात. फक्त नग विचारलेत."

"मग शेऱ्यात लिहा."

"शेऱ्यात चेअरमनसाहेबांचे आभार मानलेत. जागा उरली नाही."

चेअरमनसाहेब म्हणजे तळमजल्यावरचा रानगवा. ते कधीच काही वाचत नसत. सही मात्र मोठी करत.

जंगलातल्या एकाही झाडाकडे जहाज नव्हतं. पाटी उंबराला मिळाली. सत्कार झाला, चेअरमनसाहेबांच्या शिंगांना हार घातला गेला. आता जिन्यात शेजारी म्हणू लागले, "दिगंबरराव, आपलं जहाज कसं आहे?" डिंकाच्या वासाचाही कोणाला त्रास होईना. उलट, पाहुण्यांना लोक मुद्दाम ढोली सातच्या दाराशी आणून म्हणत, "हा वास येतोय ना, तो जहाजाचा."

मग पत्र आलं. जहाजाच्या तपासणीला दरबारातून जलवाहतूक निरीक्षक येणार होते.

दिगंबररावांना हायसं वाटलं. "चला. निरीक्षकाला डोळे असतात. एकदा पाहिलं की तक्त्यातून नाव काढून टाकतील."

"आणि पास केलं तर?" कुमुदबाईंनी विचारलं. त्या शिंगमोजणी खात्यात नव्हत्या, पण दरबाराला जास्त ओळखत होत्या.

"हातभर गलबत पास कसं करतील?"

"तरी सांगते. दोन वल्ही काढून ठेवा. एक नांगर काढा. काहीतरी कमी ठेवा, म्हणजे नापास होईल आणि आपली सुटका होईल. ते येऊन गेले की परत लावा."

हे दिगंबररावांना पटलं. खरोखर पटलं. त्यांनी गलबत खाली काढून टेबलावर ठेवलं, चष्मा लावला, चिमटा घेतला आणि डाव्या बाजूचं सातवं वल्हं धरलं. धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ते इतर वल्ह्यांपेक्षा किंचित तिरकं आहे. त्यांनी ते सरळ केलं. मग आठवंही पाहिलं. मग सगळी बेचाळीस पाहिली. दुपारपर्यंत गलबत आधीपेक्षाही नीट झालं होतं.

कुमुदबाई दाराशी उभ्या होत्या. "काढलीत?"

"काढतो. जरा बघत होतो."

तेवढ्यात निरीक्षक आले.

निरीक्षक बगळेसाहेब होते. ढोलीत जागा नव्हती म्हणून ते एका पायावर उभे राहिले. त्यांच्यासोबत विष्णुपंत होते आणि एक लांबलचक यादी होती.

"जहाज हेच?"

"हेच," विष्णुपंत म्हणाले.

"साहेब, लहान आहे," दिगंबरराव म्हणाले.

"लहानमोठं बांधणी खातं ठरवतं. माझ्याकडे फक्त साधनसामग्री आहे." बगळेसाहेबांनी यादी उघडली. "वल्ही बेचाळीस?"

चोच एकेका वल्ह्यावरून पुढे सरकत गेली. बेचाळीस.

"नांगर दोन?" दोन होते. "सुकाणू? फिरतं का?" फिरत होतं. "शिडांच्या दोऱ्या?" बगळेसाहेबांनी एक गाठ निरखून पाहिली, मग यादीतलं चित्र पाहिलं, मग पुन्हा गाठ. "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पिण्याच्या पाण्याची पिंपं?"

कुमुदबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणा. आत कोणाला दिसतंय? नाही म्हणा आणि मोकळे व्हा. हे सगळं त्या एका नजरेत होतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात दिगंबररावांना ती नजर नीट वाचता येत होती.

पण मुलांनो, त्या अकरा वर्षांत पिंपांबद्दल बाहेरच्या कोणी म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

"चाळीस," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने झडप उघडली. "इथून बघा, साहेब. जरा वाकावं लागेल. मागच्या ओळीतलं ते एकोणचाळिसावं, त्याची कडी दोनदा बसवली. पहिली सैल होती."

बगळेसाहेबांनी एक डोळा झडपेला लावला आणि बराच वेळ काढला नाही. "माझी वीस वर्षं नोकरी झाली," ते सरळ होत म्हणाले. "मोठमोठ्या नद्यांवर गेलो. पिंपं पुरी अशी कुठे सापडली नाहीत. नुसते आकडे भरलेले असतात."

त्या कौतुकाच्या भरात दिगंबररावांनी 'तपासणी मान्य, मालक' या ओळीवर सही केली. सुबक सही. कुमुदबाई कोनाड्यात गेल्या आणि भांडी आवरू लागल्या. आवरायची नव्हती तीसुद्धा.

आठ दिवसांनी नोटीस आली. जहाज शंभर टक्के गुणांनी उत्तीर्ण झालं होतं. नियमाप्रमाणे नोंदणीकृत जहाज जिथे उभं असेल ते बंदर, म्हणून ढोली क्रमांक सात यापुढे बंदर. ज्यावर जहाज टेकलेलं असेल तो धक्का, म्हणून जेवणाचं टेबल यापुढे धक्का. बंदरात चूल पेटवायला आणि निवास करायला मनाई. रहिवाशांनी आठ दिवसांत जागा सोडावी.

दिगंबरराव दरबारात धावले. खिडकीमागे एक कासव बसलं होतं.

"अहो, ते खेळण्याएवढं आहे," दिगंबरराव म्हणाले.

कासवाने फाइल काढली. त्यात दुपार गेली. "म्हणजे तपासणी चुकीची आहे, असं तुमचं म्हणणं?"

"तसं नाही..."

"वल्ही बेचाळीस नाहीत?"

"आहेत."

"पिंपं चाळीस नाहीत?"

आहेत म्हटलं तर घर जात होतं. नाहीत म्हटलं तर पिंपं जात होती.

"आहेत," दिगंबरराव म्हणाले. "चाळीसच आहेत."

"मग तक्रार नक्की काय लिहू?" कासवाने विचारलं, आणि फाइल बंद केली. त्यात संध्याकाळ गेली.

मदतीला सोसायटी धावून आली, पण बंदराच्या. चेअरमनसाहेबांनी उद्घाटनाच्या मांडवात भाषण केलं, की झाडाला बंदर मिळावं हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. विष्णुपंतांनी फीत धरली. सामान न्यायला मात्र कोणी आलं नाही, कारण सगळे मांडवात होते. दिगंबरराव आणि कुमुदबाई पलंग आणि कपाट घेऊन डोंगराच्या पायथ्याशी एका सोडलेल्या बिळात राहायला गेली. टेबल मागेच राहिलं. ते आता सरकारी होतं.

"दोन वल्ही," कुमुदबाई बीळ झाडताना म्हणाल्या. "दोन वल्ही मागितली होती मी तुमच्याकडे."

दिगंबररावांनी केरसुणी घेतली आणि ते दुसरा कोपरा झाडायला लागले.

बंदर दर रविवारी दहा ते बारा लोकांना पाहायला खुलं असे. महिन्याभराने दिगंबरराव गेले. रांग दुसऱ्या फांदीपर्यंत आली होती. ढोलीच्या दारात एक तरस पहाऱ्याला बसलं होतं. आत टेबलावर गलबत तसंच होतं. फक्त शिडांवर धूळ बसली होती. दिगंबरराव पुढे झाले, वाकले आणि फुंकर घालणार इतक्यात तरस म्हणालं, "ओ काका, मागे व्हा. जहाजाला हात लावायचा नाही."

"हात नाही लावत. धूळ बसलीय. फुंकर मारतो."

"परवानगी लागते."

"अहो, मीच बांधलंय ते."

तरसाने जांभई दिली. "सगळे तेच सांगतात."

"सगळे म्हणजे?"

"या महिन्यात पाच झाले," तरस म्हणालं. "चेअरमनसाहेब धरून. चला, पुढे सरका."

दिगंबरराव पुढे सरकले.

तात्पर्य: मुलांनो, कोणतंही काम मन लावून करावं, पण त्यात एक तरी चूक आठवणीने ठेवावी. सदोष वस्तू जन्मभर आपलीच राहते. निर्दोष झाली की ती सगळ्यांची होते.