प्रबंधाचं शेपूट

प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर दवाखान्यातल्या मावशींच्या हातातला फोन वाजला, तेव्हा आत कळांचा जोर वाढला होता.

फोन सुईणबाईंचा, आणि करणाऱ्या त्यांच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडम. प्रबंध जमा करायचा आजचा शेवटचा दिवस. कचेरी पाचला बंद. चुकलं तर नोंदणीच रद्द. कळा सोसणाऱ्या बाईला कोणते शब्द धीर देतात, यावर सुईणबाईंनी ड्युट्या सांभाळून प्रबंध लिहिला होता. छापील गठ्ठा शेजारच्या खोलीत तयार होता. घोडं अडलं होतं आभारांपाशी. रोज सकाळी देवापुढे हात जोडून कुणा एकाचे आभार लिहिल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असा सुईणबाईंचा नेम. संशोधन लांबलं तसे आभारही लांबले, आणि ते सगळे त्यांनी प्रबंधाच्या शेवटी जोडून दिले. मॅडम त्याला शेपूट म्हणत.

"मावशी, तिला सांगा, शेपूट कापल्याशिवाय मी सही करणार नाही."

मावशींचा आवाज खणखणीत. त्यांनी दाराच्या फटीला तोंड लावलं. "बाई! मॅडम म्हणतायत, शेपूट कापा!"

"मुळीच नाही म्हणावं! आहे तेवढं ठेवणार मी!" आतून उत्तर आलं. मग एकदम मऊ आवाजात, "तुला नाही गं बाळा. तुझं छान चाललंय."

बाकावर बसलेल्या, आजी व्हायच्या बेतात असलेल्या बाई ताडकन उठल्या. "कुणाचं शेपूट?"

"ते नाही सांगितलं. पण फार लांबलंय म्हणे."

आजी मटकन खाली बसल्या. बाळाचे वडील चाचरत म्हणाले, "आई, सोनोग्राफीत तर काही दिसलं नव्हतं."

"पाठीमागून काढतात का रे कधी फोटो! जा, सही दे. कापा म्हणावं, पण दुखू देऊ नका."

मावशींनी इमानदारीत फोनवर कळवलं, "मॅडम, बाळाचे वडील सही द्यायला तयार आहेत."

"त्यांची सही कशाला? मार्गदर्शक मी आहे!" मॅडम कडाडल्या. "मीच येते तिकडे!"

आल्या त्या लाल पेन उघडूनच. मावशींनी त्यांना गठ्ठ्याशी बसवलं. कुठून कापावं ते बघायला मॅडमनी शेपूट वाचायला घेतलं. 'माझा हात चावणाऱ्या ताईंचे आभार. घाबरू नका असं म्हटलं की माणूस जास्त घाबरतं, हे त्यांनी शिकवलं.' 'माझी पानं लाल करणाऱ्या मॅडमचे आभार. त्यांनी मला कधीही सोपं सोडलं नाही.' लाल पेनाचं टोपण कधी लागलं, ते मॅडमना कळलंही नाही.

तेवढ्यात आतून ट्यँहा ऐकू आलं. "मुलगी!" मावशी ओरडल्या.

मॅडम डोळे पुसत बाहेर आल्या. आजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "बाई, कापलंत का हो शेपूट?"

यांनाही प्रबंधाची इतकी काळजी! मॅडमना भरून आलं. "नाही हो. राहू दे. इतकं सुंदर आहे, हातच धजला नाही."

आजींनी पदर खोचला. "बरं. देवाने दिलंय तसं. आणा माझी नात शेपटासकट इकडे. मी झगे लांब शिवीन."

सुईणबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या. आजींनी तिचं तोंडही न बघता तिला हलकेच पालथं केलं. दुपटं सरकवलं. पुन्हा नीट पाहिलं. "कुठंय?"

"काय?" सुईणबाईंनी विचारलं.

उलगडा झाला तेव्हा मॅडम भिंतीला टेकून हसल्या, आजी हसता हसता रडल्या, आणि मावशी म्हणाल्या, "मी तर शब्दही बदलला नव्हता!"

मॅडमनी सही केली. पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. तरी सुईणबाईंनी पेन मागितलं.

"आता आणखी कोण राहिलं?"

"या आजी. शेपटासकट म्हणाल्या ना!"

"लिही बाई. वाढू दे आणखी."

कचेरीत पोहोचवायला बाळाचे वडील आपणहून पुढे झाले. त्यांनी गठ्ठा बगलेत मारला, तशा सुईणबाई सवयीने ओरडल्या, "अहो, असा नाही! मानेला आधार द्या!"

वडिलांनी प्रबंध दोन्ही हातांत आडवा घेतला, छातीशी धरला आणि अगदी जपून धावत सुटले.