बलभीमरावांची आभाळातली लढाई

सॅटेलाइटच्या इंटरनेटची छत्री उंच खांबावर बसवायची की खाली स्लॅबवर, एवढाच प्रश्न होता. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "उंच बरी." बलभीमराव म्हणाले, "खालीच ठेवा. हाताशी असलेली बरी." (छत्री कसली, पाटासारखी चपटी होती. पण आमच्याकडं आभाळाकडं तोंड करून बसलेल्या कुठल्याही वस्तूला छत्रीच म्हणतात.)

ईट गावच्या शिवारातल्या त्यांच्या मळ्यावर मोबाईलला रेंज म्हणून नाही. कॅनडातला मुलगा रणधीर मागच्या खेपेला आला, तेव्हा त्यानंच ही सोय करून दिली. जाताना म्हणाला, "बाबा, आता दर रविवारी तोंड बघून बोलू."

पहिले काही रविवार बोलला. मग महिन्यातून एकदा. मग तेही नाही. बलभीमराव फोन तांब्याला टेकवून बसायचे आणि समोरचं ताट निवून जायचं. आपणहून फोन करावा म्हटलं, तर "कामात असंल पोरगं" म्हणून हात मागं यायचा.

बलभीमराव एसटीच्या कळंब डेपोतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. गाडी का आली नाही याची कारणं सांगण्यात उभा जन्म गेला. पंक्चर, रास्ता रोको, घाटात आडवा झालेला ट्रक. गाडी सुटलीच नाही, असं मात्र त्यांनी प्रवाशाला कधी सांगितलं नाही. त्यात माणसाचा जीव मोडतो म्हणायचे.

आणि ऐन उन्हाळ्यात एक दिवस नेट गेलं.

बलभीमरावांचा चेहरा उजळला. (सांगताना मलाच कसंसं होतंय, पण उजळला.)

"अगं, ऐकलं का? वर लढाई पेटली."

"कुठं वर?" त्यांच्या बायकोनं, सिताबाईंनी, चुलीपुढून विचारलं.

"आभाळात. हजारोंनी उपग्रह फिरतेत. त्यातले बोलायचे कंचे अन् मारायचे कंचे, कुणाला ठावं? कुणीतरी कुणाचे पाडले असतील. आता रणधीरचा फोन लागंल कसा? पोराचा काय दोष?"

"व्हय की," सिताबाई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्या दिवशी बलभीमराव एक भाकरी जास्तीची जेवले.

ईटला त्यांचा जुना दोस्त जैनोद्दीन याचं किराणा दुकान. तिथं बसून बलभीमराव रोज लढाईचा वृत्तांत देऊ लागले. लेझरच्या तोफा, उपग्रहाला धडकणारा उपग्रह, काय नि काय.

"पेपरात तर कायच न्हाय, साहेब," जैनोद्दीन म्हणाला.

"छापतील व्हय? लष्करी गुपित हाय."

"मग फोन हिकडं घेऊन या. इथं रेंज फुल्ल हाय. लगेच कळंल."

बलभीमराव गुळाच्या ढेपेकडं बघत राहिले. "घरीच असू दे," ते म्हणाले. "मागं वाजला तर?"

फोन घरी वाजणार कसा, हे जैनोद्दीननं विचारलं नाही. त्यानं चहा सांगितला.

गावानं मात्र चेष्टा मांडली. एक टवाळ म्हणाला, "तात्या, एवढे पाडलेत तर तुमच्या स्लॅबवर तुकडे पडले असतील की. आणून दावा." आता आली का पंचाईत! कंट्रोलरच्या शब्दाला पुरावा मागितलेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बलभीमराव फोन खिशात टाकून, हेल्मेट घालून स्लॅबवर चढले. (आभाळातून लोखंड पडायचं, तिथं टोपी काय कामाची?)

तुकडा कुठंच नव्हता. छत्रीवर मात्र सिताबाईंची मोठी स्टीलची परात होती आणि परातीत सांडगे वाळत होते. बलभीमरावांनी परात उचलून बाजूला धरली. थोड्या वेळानं खिशातला फोन टुणटुणायला लागला.

परात हातातून सुटली. सांडगे स्लॅबभर झाले. त्यांनी फोन उघडला. रिटायर मंडळींचे गुलाबाची फुलं लावलेले सुप्रभात, एकावर एक. छत्रीवाल्या कंपनीची विचारणा, आमची सेवा कशी वाटली? रणधीरचं काही नाही. 'बाबा, नेट का बंद आहे' एवढंसुद्धा नाही. वाटेत काही झालंच नव्हतं. गाडी सुटलीच नव्हती.

बलभीमराव पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि रडले. हेल्मेटची काच आतून धुरकटली. ती पुसायची कशी, हेही सुचेना.

आवाज ऐकून सिताबाई वर आल्या. सांडगे वेचायला बसल्या.

"परात ठिवली की नेट जातंय, तुला ठावं होतं?"

"व्हतं."

"मग?"

"नेट होतं तवा तुमी जेवत न्हवता. लढाई लागल्यापासनं पोटभर जेवताय." मग खाली बघतच म्हणाल्या, "अन् मलाबी बरं वाटत व्हतं. रणधीर काय म्हणतोय म्हणून कुणी इचारलं, तर सांगाया तरी येत व्हतं."

यंदा घरात सांडग्यांच्या डब्यांवर डबे का चढत होते, ते बलभीमरावांना आता कळलं. त्यांनी हेल्मेट काढलं. दोघांनी मिळून सांडगे परातीत पसरले. मग बलभीमरावांनी परात उचलली आणि छत्रीच्या बरोबर मध्यावर ठेवली.

दुपार कलल्यावर जैनोद्दीन मोटरसायकलवर आला. "आज दुकानावर आला न्हाईत, म्हणून म्हटलं बघून यावं. काय म्हणतीय लढाई?"

"चालू हाय," बलभीमराव म्हणाले. "इतक्यात मिटंल असं दिसत न्हाय."

जैनोद्दीननं अंगणातूनच मान वर करून स्लॅबकडं पाहिलं. छत्रीवरच्या परातीचा काठ तेवढा दिसत होता.

"व्हय, असल्या लढाया लई चालतेत," तो म्हणाला. "पण साहेब, वारं सुटलंय. परातीत एक दगड ठिवा, न्हायतर आजच मिटायची."