मी शर्यत कशी रंगवली

मोटारींच्या शर्यतीत रंगत कशी आणायची, हे अख्ख्या जगात एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे मी, असं माझं प्रामाणिक मत होतं. साध्यासुध्या शर्यती नव्हेत हं! ताशी तीनशे किलोमीटरने पळणाऱ्या, सगळ्यात वरच्या दर्जाच्या गाड्यांच्या शर्यती! मी शर्यतीच्या ट्रॅकवर आवाजाच्या खोलीत काम करतो. कर्णे, माईक, वायरी आणि त्या वायरींत अडकणारे पाय, हे सगळं माझ्या अखत्यारीत.

अडचण अशी होती की, शर्यत पाहायला आलेले लोक अर्ध्यावरच उठून जायला लागले होते. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. एक पिवळी गाडी पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या पुढे जायची आणि दीड तासानं तशीच सगळ्यांच्या पुढे परत यायची. मधल्या वेळात माणसानं करायचं काय? मागच्या शर्यतीला एक गृहस्थ स्टँडमध्ये बसून चक्क शब्दकोडं सोडवत होते आणि आजूबाजूचे चौघे त्यांना मदत करत होते!

आमच्या मॅनेजर मॅडमनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

"यंदा शेवटच्या फेरीपर्यंत स्टँड भरलेला दिसला नाही, तर पुढच्या वर्षी ही शर्यत दुसऱ्या ट्रॅकला जाणार. मग आपण इथे काय करायचं? गवत कापायचं? कल्पना सांगा!"

बाकीचे छताकडे बघायला लागले. मी मात्र दोन दिवसांत वीस पानी टिपण मॅडमच्या टेबलावर आदळलं! अर्ध्या शर्यतीनंतर सगळ्या गाड्या उलट्या दिशेनं पळवाव्यात. एका वळणावर गुपचूप पाणी मारून ठेवावं. जो पुढे असेल त्यानं खाली उतरून ग्लासभर पाणी प्यावं आणि मगच पुढे जावं. अशी एकेक लाखमोलाची सूचना! मॅडमनी एकोणीस पानं कपाळाला हात लावून वाचली. विसाव्या पानावर त्यांचा हात खाली आला.

"हे जरा बरं आहे," त्या म्हणाल्या.

विसाव्या पानावरची सूचना अशी होती. शर्यत चालू असताना ड्रायव्हर आणि त्याची टीम रेडिओवर बोलत असतात. ते बोलणं थेट स्टँडमधल्या कर्ण्यांवर ऐकवायचं! भांडणं, आरडाओरडा, रडारड, सगळं ताजं ताजं!

"आणि आपला निवेदक?" मॅडमनी विचारलं.

"त्याला सुट्टी देऊन टाका! मध्ये कुणाची बडबडच नको!"

"जबाबदारी कुणाची?"

"सगळी माझी!"

एसीत बसून हे दोन शब्द फार सहज निघतात.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तर बायको दारात आडवी.

"आत्यांना बरोबर घेऊन जा."

"आज? आज माझा मोठा दिवस आहे!"

"घरात रंगारी आलेत. रंगाच्या वासानं त्या सकाळपासून खोकताहेत. बिचाऱ्या गुडघ्याच्या उपचारासाठी आल्यात. त्यांना काय गॅलरीत बसवून ठेवू?"

आत्या चपला घालून, हातात बॅग घेऊन तयारच होती. ही माझी सख्खी आत्या. तिनं एकतीस वर्षं शहर बस चालवली. एकतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही! डेपोत तिच्या गाडीचा आरसा पुसायची हिंमत दुसऱ्या कुणाची व्हायची नाही. पण शर्यतीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"मी एका कोपऱ्यात बसेन रे," ती म्हणाली. "तुझ्या कामात तोंड घालणार नाही."

आवाजाच्या खोलीत मी तिला निवेदकाच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. समोर भिंतभर पडदे, बाजूला जाड काच, काचेपलीकडे चाळीस हजार माणसं! काच इतकी जाड की बाहेरचा आवाज आत येत नाही.

हिरवा दिवा लागला, गाड्या सुटल्या आणि मी रेडिओ कर्ण्यांवर सोडला!

"टायर कसे आहेत?" टीम.

"बरे आहेत," ड्रायव्हर.

मग दोन मिनिटं शांतता.

"पाणी प्यायलास?"

"हो."

पुन्हा शांतता. अहो, ताशी तीनशेनं जाणारी माणसं दवाखान्यात ताटकळल्यासारखी बोलत होती! दहाव्या फेरीला लोकांनी टोप्या आवरायला सुरुवात केली. शब्दकोडेवाले गृहस्थ तर जिन्यापर्यंत पोचले होते. मी कानांवर मोठाले हेडफोन चढवले, आत्याकडे पाठ केली आणि वीसच्या वीस गाड्यांचे रेडिओ पिंजून काढायला लागलो. कुठेतरी एखादं भांडण सापडेल! निदान एखादी शिवी!

पंधराएक मिनिटांनी मान वर केली आणि बघतच राहिलो. लोक परत येत होते! जिन्यावरून उलटे वळून, पायऱ्या चढून जागेवर बसत होते. हसत होते! एक बाई तर डोळे पुसत होती! एका कानावरचा हेडफोन सरकवून मी घाईघाईनं बायकोला फोन लावला.

"बघितलंस? लोक वेडे झालेत! माझी कल्पना!"

"टीव्हीवर बघतेय ना," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "पण अरे, आत्यांचा..."

"आत्या मजेत आहे!" मी फोन ठेवला आणि हेडफोन पुन्हा कानावर ओढला. मागे आत्या स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. पुटपुटू दे! एकतीस वर्षं रहदारीशी बोलत आली, आता काय गप्प बसणार!

इतक्यात दार उघडलं आणि मॅनेजर मॅडम धापा टाकत आत आल्या. मी उठलो, शर्ट नीट केला आणि अभिनंदन स्वीकारायला हात पुढे केला. मॅडम हाताला वळसा घालून थेट टेबलाशी गेल्या. तोंडावर बोट ठेवून त्यांनी माझ्या समोरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'माईक चालू आहे.'

मी टेबलाकडे पाहिलं. निवेदकाच्या माईकचं बटण खाली दाबलेलं, त्यावर आत्याची बॅग! त्या माईकची व्यवस्था मीच करून ठेवली आहे. तो चालू झाला की बाकीचे सगळे आवाज आपोआप बंद. म्हणजे माझा रेडिओ कधीचाच गप्प झाला होता. चाळीस हजार लोक ऐकत होते ते फक्त आत्याला!

मी हेडफोन काढले.

"...आणि हा हिरवा बघा! तीनदा पाहिलं, वळणावर ब्रेक उशिरा दाबतोय. अरे बाबा, मागे माणसं उभी असती तर एव्हाना एकमेकांच्या मांडीवर बसली असती! चौथ्यांदा हा खडीत जाणार."

चौथ्या वेळी हिरवी गाडी भसकन वळणाबाहेरच्या खडीत गेली! काचेपलीकडे चाळीस हजार माणसं एकदम उभी राहिली.

मी बॅग उचलायला झेपावलो. मॅडमनी माझ्या हातावर फटकन चापटी मारली आणि लिहिलं, 'हात लावाल तर बघा!!!' तीन उद्गारचिन्हं! मग खाली बारीक अक्षरात, 'तुम्हाला सायकल शिकायला खरंच तीन महिने लागले?'

म्हणजे तेही सांगून झालं होतं!

आत्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती पडद्याकडे बोट दाखवत होती.

"मला विचाराल तर पिवळ्याकडे बघूच नका. त्याच्यापुढे रस्ता मोकळा आहे, त्यात काय मोठंसं? ती एकतीस नंबरची निळी गाडी बघा. चौदावी आहे, पण हात किती शांत आहेत त्या पोरीचे! आरसा बघते, वाट देते, संधी दिसली की अलगद घुसते. ही खरी ड्रायव्हर! पण तिचं मागचं डावं टायर सोलवटलंय गं बाई. कुणीतरी सांगा तिला!"

आणि कुणीतरी सांगितलं की! स्टँडमधला आवाज टीमच्या कानापर्यंत पोचला असणार. निळी गाडी पुढच्याच फेरीला टायर बदलायला आत वळली. वीस माणसं तुटून पडली, चार चाकं निघाली, चार चाकं बसली, गाडी गेलीसुद्धा!

"अडीच सेकंद?" आत्या खुर्चीतून अर्धी उठली. "आमच्या डेपोत जॅक शोधायलाच अर्धा तास लागायचा! काय पोरं आहेत! कुणी कुणाच्या पायात नाही. दृष्ट काढा रे त्यांची!"

काचेपलीकडे लोक त्या टायरवाल्यांसाठी टाळ्या वाजवत होते. इतक्या वर्षांत मी टायर बदलण्याला टाळ्या पडलेल्या पाहिल्या नव्हत्या. मीही दर शर्यतीला तेच बघत आलो होतो, पण इतकं नीट कधी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. शर्यतीचे मुख्य पंच! सहा फूट उंच, मिशा ताठ, चार जिने चढून चेहरा लालबुंद.

"कोण आहेत या? बाहेरून एका टीमला मदत करणं नियमात बसत नाही! बाई, तुम्ही कुठल्या टीमच्या?"

"डेपोच्या," आत्या म्हणाली.

"कुठला डेपो?"

"बसचा. आधी बसा तुम्ही. चार जिने चढलात तर किती धाप लागलीय! पाणी द्या रे यांना."

पंच उभेच. "तुमच्या बोलण्यामुळे त्यांनी टायर बदललं! तुमचं बोलणं चाळीस हजार लोक ऐकताहेत!"

आत्यानं पहिल्यांदा माईककडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, काचेपलीकडे पाहिलं. चाळीस हजार लोकांनी हात हलवले. ती जराशी ओशाळली.

"अगं बाई! आधी नाही का सांगायचं? मघाशी खोकले तेव्हा तोंड तरी फिरवलं असतं."

शर्यत रद्द, नोकरी रद्द, सगळं रद्द! मॅडम पुढे झाल्या. "साहेब, जबाबदारी..." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी सांगितलं होतं ना, दोन शब्द फार सहज निघतात!

पण आत्या उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"पंचसाहेब, मला सांगा, ते टायर चांगलं होतं का खराब?"

"खराब होतं."

"ते मी कुठे बघितलं? या पडद्यावर. तसाच पडदा बाहेर स्टँडसमोर आहे. जे मला दिसलं ते सगळ्यांना दिसत होतं. आणि ते टायर ताशी तीनशेला फुटलं असतं आणि मी बघून गप्प बसले असते, तर? एकतीस वर्षांत रस्त्यावर कुणाचं चाक डुगडुगताना दिसलं आणि मी हॉर्न दिला नाही, असं झालेलं नाही. त्यात तो आपल्या मार्गाचा आहे का दुसऱ्याच्या, हे विचारायचं नसतं. तुमच्या नियमात हॉर्न देणं गुन्हा असेल, तर मी निघते. भाच्याला मात्र बोलू नका. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं."

शेवटचं वाक्य माझ्या बचावासाठी होतं. तरी ते चाळीस हजार लोकांना ऐकू जायची काही गरज नव्हती!

पंचांनी खुर्ची ओढली, माझीच, आणि बसले.

"ती निळी आता कितवी आहे?" त्यांनी विचारलं.

"टायर बदलल्यामुळे एकोणिसावी," आत्या म्हणाली. "पण बघा तुम्ही. आता येते की नाही वर!"

पुढच्या वीस फेऱ्या मी जन्मात विसरणार नाही. सतरावी, पंधरावी, चौदावी! आत्या एकेक वळण सोडवून सांगत होती. "आता घाई नको... थांब... पुढच्याला चूक करू दे... केली! जा!" आणि चाळीस हजार माणसं तिच्याबरोबर "जा!" म्हणून ओरडत होती. जाड काच थरथरली! अकरावी, दहावी. पंचसाहेब टेबलावर मूठ आपटत होते. शब्दकोडेवाले गृहस्थ खुर्चीवर उभे राहून टोपी फिरवत होते. शेवटच्या वळणावर निळी गाडी आतल्या बाजूनं अशी अलगद शिरली की मी श्वास घ्यायचाच विसरलो. आठवी!

तिकडे पिवळी गाडी नेहमीप्रमाणे पहिली आली होती. तिचा ड्रायव्हर बक्षिसाच्या चौथऱ्यावर चषक उंचावून उभा होता आणि अख्खा स्टँड त्याच्याकडे पाठ करून आठव्या आलेल्या पोरीसाठी नाचत होता! त्या पोरीनं हेल्मेट काढलं, वर आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. आत्यानं घाईघाईनं चष्मा पुसला.

"नीट चालवलीस गं," ती म्हणाली. एवढंच.

शर्यत आमच्याच ट्रॅकला राहिली. आत्याचा मुक्काम लांबला. निवेदकही सुट्टीवरून परतला, पण आत्याच्या शेजारी, छोट्या खुर्चीत. मॅडमनी माझंही कौतुक केलं हं! भर सभेत म्हणाल्या, "यांनी सुचवलेलं दहाव्या फेरीनंतर कुणालाच ऐकू आलं नाही, हे आपलं भाग्य."

पुढच्या शर्यतीला मी खोलीच्या दारात उभा होतो, तर एक चाहता चार जिने धावत चढून आला. हातात वही, पेन, डोळ्यांत केवढा आदर!

"तुम्हीच ना त्या आत्याबाईंचे भाचे?"

"होय, मीच!" मी छाती पुढे काढली आणि पेन घ्यायला हात पुढे केला.

"मग जरा बाजूला व्हा ना," तो म्हणाला, "त्या दिसत नाहीयेत."

झालो बाजूला. काय करणार!