तोंडात पाणी धर, तात्या काडतूस भरतायत

बंदूकवाला माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. झुपकेदार मिशा, भिंतीवर सांबराची शिंगं, पायाखाली वाघाचं कातडं आणि माणसाने तोंड उघडलं की मचाण. तर तसं काही नाही. आमच्या तात्या कर्णिकांना मिशा नव्हत्या. भिंतीवर कॅलेंडर होतं. आणि वाघ या गोष्टीत येणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको.

तात्या काडतूस भरत असताना त्यांच्या खोलीत जायचं तर तोंडात पाणी धरून जावं लागे. थट्टा नाही करत. दारात तांब्या-भांडं ठेवलेलं असे. एक घोट घ्यायचा, गिळायचा नाही, गाल फुगवून आत यायचं आणि भिंतीला टेकून गप बसायचं.

हा नियम खास माझ्यासाठी निघाला होता. मी मूळचा चिपळूणचा. शाळेत बाकीची पोरं गणित शिकली, मी गणिताच्या मास्तरांची नक्कल शिकलो. तेवढ्या शिदोरीवर अंधेरीच्या एका कंपनीत कारकून झालो आणि बोरिवलीला, पूर्वेकडे जिथे रस्ता संपून भाताची खाचरं लागायची, तिथे तात्यांच्या बैठ्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात मी तात्यांना आमच्या हेडक्लार्कची शिंक करून दाखवली. तात्या तेव्हा सोनाराच्या काट्यावर बंदुकीची दारू मोजत होते. ते हसले, काटा डुलला, दारू सांडली. तात्यांनी ती ओल्या फडक्याने टिपली आणि मग त्या दिवशी भरलेली सगळी काडतुसं एकेक करून खोलायला बसले.

"अहो तात्या, ती तर आधीच भरून झाली होती ना? ती ठीकच असतील."

"असतील. पण असतील म्हणजे आहेत असं नाही. शंका आली की ओतायचं. आणि उद्यापासून तू तोंडात पाणी धरून यायचं."

दारूबंदीचे दिवस ते. तात्या मात्र खिडकीतून खुशाल ओरडत, "कुणी आत येऊ नका रे, दारू मोजतोय!" शेजारचे परब एकदा मोठ्या आशेने आले. पाण्याचा घोट तोंडात धरून थोडा वेळ बसले आणि जे गेले ते परत फिरकले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस शिकारी असणार. छे! मांजराला हाकलतानासुद्धा तात्या "चला, निघा आता" म्हणत. गोदीतल्या नोकरीतून रिटायर झालेले, लग्न न केलेले, एकटे. रायफल वडिलांची. परवाना रीतसर. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की एक बार काढायचा, ही कर्णिकांच्या घरची पद्धत. वर्षाला एक गोळी, तीही मातीच्या ढिगाऱ्यात. पण मागच्या दसऱ्याला डब्यातलं शेवटचं विलायती काडतूस संपलं. फोर्टातल्या बंदूकवाल्याने सांगितलं, "साहेब, हे जुनं माप. आता येत नाही. रिकामी नळकांडी जपली असतील तर घरी भरा. दारू, टोप्या, गोळ्या परवान्यावर मी देतो. वर एक पुस्तकही देतो." तात्यांनी नळकांडी जपली होती. तात्यांनी दाढीची जुनी पातीसुद्धा जपली होती.

आणि मग साठी उलटल्यावर तात्या विद्यार्थी झाले. असा विद्यार्थी आमच्या मास्तरांना मिळाला असता तर त्यांनी मला कधीच शाळेतून हाकललं असतं.

मला मोठं कुतूहल. तोंडात पाणी, त्यामुळे प्रश्न हाताने विचारायचे. तात्या टेबलावर एकच डबा ठेवत. दुसऱ्या जातीची दारू खोलीतसुद्धा नको. डब्यावरचं नाव मोठ्याने वाचत, रोज, जणू रात्रीतून कुणी बदललं असेल. स्टोव्ह बंद, उदबत्ती बंद, खिडकी बंद, वाऱ्याने काटा हलायला नको. मग पितळी नळकांडं भिंगाखाली. चीर दिसली की बाद. बुडाला नवी टोपी, म्हणजे जिच्यावर ठोका बसला की ठिणगी पडते ती. मग दारू. प्रत्येक वजन दोनदा. आणि गोळी बसवायच्या आधी सगळी नळकांडी फळीवर उभी करून बॅटरीच्या उजेडात आत डोकवायचं. सगळ्यांत दारू सारख्या उंचीला दिसली पाहिजे. एखाद्यात चुकून दोनदा पडली तर रायफल फुटते, आणि ती फुटते ती आपल्या गालापाशी.

एकदा मी पाणी थुंकून विचारलंच, "तात्या, पुस्तकात वरचा आकडा आहे, खालचा आहे. तुम्ही खालचा का धरला?"

"नवशिक्याने खालूनच सुरू करायचं. बार काढायचा, नळकांडं तपासायचं. टोपी चपटी झाली, काडतूस आत सरकवायचा बोल्ट अडकला, तर तिथेच थांबायचं. काही नाही झालं तर चिमूटभर वाढवायचं. मग परत बार, परत तपासणी."

"मग खालच्याहून खाली जाऊ या की! अजून सेफ!"

"नाही रे बाबा. फार कमी घातली तरी घात होतो. पुस्तक लिहिणारा आपल्यापेक्षा शहाणा आहे एवढं कबूल केलं की डोळे शाबूत राहतात. पायरीपायरीने जाऊ. घाई कुणाला आहे?"

'घाई कुणाला आहे' हे तात्यांचं पालुपद. मी त्याची इतकी झकास नक्कल करायचो की पोस्टमन फसायचा.

पण एकदा न राहवून म्हटलं, "एवढा खटाटोप एका बारासाठी? यंदा नाही काढला तर काय बिघडलं? मी सुतळी बॉम्ब आणतो."

तात्यांनी काटा खाली ठेवला.

"पोयसर नदीच्या पलीकडे माझी थोरली बहीण राहते. अक्का. तिला बॉम्ब आणि रायफल यांतला फरक कळतो."

मग कळलं ते असं. वडिलांनी दोघांनाही नेमबाजी शिकवली. अक्काची गोळी नारळाला लागायची, तात्यांची कुठे जायची ते नारळालाही कळायचं नाही. वडील गेले. तात्यांनी परवाना आपल्या नावावर केला आणि वर म्हणाले, बाईमाणसाला कशाला बंदूक? अक्का उठली. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाली.

"मी तरी कमी आहे का? म्हटलं, नको ठेवूस. दसऱ्याला बार ऐकू आला की समज, दत्तू जिवंत आहे."

"आणि मग?"

"मग काय? दरवर्षी कळवतो," तात्या म्हणाले. विजेचं बिल भरतो म्हणावं तसे.

त्यानंतर मी तोंडात पाणी न सांगता धरू लागलो.

श्रावणात पहिला बार झाला. डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडाची खाण होती, तिथे. तात्यांनी रायफल जुन्या टायरला बांधली, तोंड दरडीकडे, चापाला लांब दोरी, आणि आम्ही दोघं दगडी बांधामागे. तात्यांनी मला इतकं खाली दाबलं की मुंगीशी ओळख झाली. दोरी ओढली. बार झाला. रायफल धड, टायर धड, तात्या धड.

"आवाज जरा बारीक वाटला नाही, तात्या?"

"खालची पायरी आहे. वर चढू तसा आवाज भरेल. दसऱ्याला वेळ आहे."

वेळ होता. पण तात्याही होते. पुढच्या पायरीची काडतुसं भरायला बसले की कावळा ओरडायचा. "कितवं वजन चाललं होतं रे?" मी गाल फुगवून खांदे उडवायचो. शंका आली. ओता. दुसऱ्या दिवशी परब कुंपणापलीकडून हाक मारायचे. ओता. एकदा कुणीच काही केलं नाही, तर तात्यांना त्या शांततेची शंका आली. भाद्रपद गेला, नवरात्र बसलं, आणि वाट लागली. दसरा उजाडला तरी आम्ही पहिल्याच पायरीवर!

रायफलला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. देव्हाऱ्यातल्या चंदनी डबीपाशी तात्यांनी आपट्याची एक जुडी वेगळी काढून ठेवली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. गेल्या वर्षीची वाळलेली जुडी तिथेच बाजूला होती.

"तात्या, आजच्या दिवस जरा सढळ हाताने घाला ना. आवाज पलीकडे पोचायला नको का?"

"नाही. ती पायरी मी तपासलेली नाही. बंदुकीला सण कळत नाही."

दुपारी खाणीत गेलो. आज रायफल तात्यांच्या खांद्याला. चाप ओढला. बार झाला, पण कुणीतरी चांगल्या घरातल्या माणसाने दार लावावं तसा. तात्या पोयसरच्या दिशेने बघत उभे राहिले.

"ऐकू गेला असेल ना रे?"

तात्यांनी मला असा प्रश्न विचारला तो पहिल्यांदाच. मी खाली पडलेलं रिकामं नळकांडं उचलून त्यांच्या हातात दिलं.

घरी श्रीखंड होतं. तात्या पुरीला हात न लावता पायरीवर जाऊन बसले. आणि ऊन कलायला लागल्यावर खाचरांच्या बांधावरून एक म्हातारी येताना दिसली. नऊवारीचा काठ चिखलाने भरलेला, हातात मिटलेली छत्री, चाल अशी की बगळे बाजूला झाले. तात्या ताडकन उभे राहिले. मी सवयीने तांब्यातला घोट घेतला.

ती थेट दारात आली. पाय ठेवला. काही न बोलता तात्यांचे दोन्ही हात पकडले, उलटे केले, सुलटे केले, बोटं चाचपली. मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"डोळे मिट. उघड. दिसतंय?"

"दिसतंय, अक्का."

"मग तो आवाज कसला होता, दत्त्या? बाबांच्या रायफलचा आवाज मी ओळखत नाही? तो तिचा नव्हता. म्हटलं, ह्याने घरी काहीतरी भरलंन आणि नळी फुटली ह्याच्या तोंडावर! गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून आले मी, तू इथे मेला आहेस असं समजून, आणि तू श्रीखंड खातोयस?"

"खाल्लं नाही, अक्का. आणि ती पहिली पायरी होती. पुस्तकात सांगितलंय, सावकाश—"

"पुस्तकात बरोबरच सांगितलंय! वैशाखात सुरू करायचं असतं ते, दसऱ्याला पहिल्या पायरीवर बसायचं नसतं! आण ती काडतुसं. उद्यापासून वजन मी करणार, तू टोप्या पूस. आणि हा गाल फुगवून कोण उभा आहे? दाढ दुखते का याची?"

मी घोट गिळला.

"येतेस की नाही माहीत नाही, म्हणून विचारतो," तात्या अगदी हळू म्हणाले, "उद्या खरंच येशील? सवडीने ये, अक्का. घाई कुणाला आहे?"

"मला आहे!" अक्काने छत्री जमिनीवर आपटली. "माझं वय मोजलंस का कधी तुझ्या त्या काट्यावर? म्हणे घाई कुणाला आहे! इतकी वर्षं तिकडे बसून एक आवाज ऐकते, आणि हा इकडे पायऱ्या मोजतोय. मूर्खा, जरा वळसा पडतो, पण नदीला पूल आहे. चालत यायचं होतंस!"

तात्या मान खाली घालून उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, गाल थरथरत होते. अगदी तोंडात पाणी धरल्यासारखे. हातात आपट्याची जुडी होती, आणि ती पुढे करायला त्यांना अजून धीर होत नव्हता, कारण अक्काचं बोलणं अजून संपलं नव्हतं.