सासूबाईंपासून दहा मीटर

दहा मीटर

"अंतर राखणं हाच माझा धंदा आहे!" मुगारुरा फोनवर म्हणाला. "ब्विंडीच्या जंगलात इतकी वर्षं गोरिला दाखवतोय. आजवर एकाही पाहुण्यानं गोरिलाला हात लावला नाही, की गोरिलानं पाहुण्याला. तुझी आई तर साधी माणूस आहे!"

पलीकडे नान्तेझा गप्प झाली. शनिवारी जिच्या घरी रीतसर मागणी घालायला जायचं, ती बुधवारी गप्प होणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"साधी माणूस नाही, सासू आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि ती सेंगाला घेऊन येतेय. उद्या. तुझ्याच गटात."

सेंगा म्हणजे नान्तेझाची आत्या. त्यांच्या मसाका गावाकडे मुलीचं लग्न आत्या जमवते, आणि तिच्या मनात आलं तर आत्याच मोडते.

"पण तुझ्या आईला मध्येच गोरिला का बघायचेत?"

"मला काय माहीत! टीव्हीवर बघितलेत म्हणे. आता नीट ऐक. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. तिच्याशी थेट बोलायचं नाही, जे असेल ते सेंगाला सांगायचं. तिच्यासमोर खायचं नाही. आणि काही झालं तरी तिला शिवायचं नाही. जावई सासूला शिवला तर जन्मभर हात थरथरतात!"

मुगारुरा हसला. "डोळ्यांत बघू नका, आवाज करू नका, समोर खाऊ नका, शिवू नका. अगं, हे तर मी रोज सकाळी पाहुण्यांना सांगतो! फक्त ते गोरिलांबद्दल असतं."

"हसू नकोस. सेंगा आधीच म्हणतेय, डोंगरातला माणूस, त्याला रीत काय कळणार."

हे मात्र मुगारुराला झोंबलं. तो जातीचा मुकिगा. डोंगरउतारावर बटाटे लावणाऱ्यांचा मुलगा. रीत कळत नाही? दाखवतोच, तो मनाशी म्हणाला. त्या मसाकावाल्यांनी कधी बघितली नसेल अशी रीत दाखवतो!

(फोन ठेवल्यावर तो आधी साहेबांकडे धावला आणि गट बदलून मागितला. ही गोष्ट त्यानं नान्तेझाला सांगितली नाही. साहेब म्हणाले, "मलेरिया झाला तर ये. सासू हे कारण चालत नाही.")

सात मीटर, अंदाजे

सकाळी आठ पाहुणे जमले. सहा गोरे, अंगावर खिसेच खिसे, तलवारी बांधाव्यात तसे कॅमेरे बांधलेले. आणि दोन बायका.

सेंगा उंच, काटकुळी, हातात छत्री. आणि शेजारी सासूबाई. त्यांनी पिवळाधमक गोमेसी घातला होता. खांद्यावर टोकदार बाह्या, कमरेला वीतभर रुंदीचा झगझगीत पट्टा, पायघोळ घेर. बायका हा पोशाख लग्नाला घालतात. खाली रबरी बूट. धुक्यात त्या एखाद्या पेट्रोल पंपासारख्या लांबून दिसत होत्या.

मुगारुरानं त्यांना पाहिलं मात्र, आणि गर्रकन पाठ फिरवली.

"सुप्रभात," तो समोरच्या भिंतीला म्हणाला. "आपण गोरिलांपासून दहा मीटर अंतर ठेवू."

सगळे नियम त्यानं त्या भिंतीलाच सांगितले. सांगून झाल्यावर मान थोडी वळवून बघतो तर सहाही गोरे पाठ करून उभे! त्यांना वाटलं, इथली पद्धतच असेल.

"हे काय चाललंय?" सेंगानं विचारलं.

"गोऱ्यांचं काही सांगता येत नाही, सेंगा," मुगारुरा म्हणाला.

चढण सुरू झाली. ब्विंडीत सपाट जागा नाही. जी आहे तिच्यावर कुणीतरी आधीच झोपडी बांधलेली असते. मुगारुरा सर्वांत पुढे, सासूबाई सर्वांत मागे, आणि त्यांना मागून ढकलायला केमिगिशा. केमिगिशा हमाल. खांदे असे की पाहुण्याची पिशवी आणि गरज पडली तर पाहुणा, दोन्ही उचलील.

"ढकल गं पोरी, लाजू नकोस," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "काल इशाशाच्या माळावर किती बरं होतं. गाडीत बसून सिंह बघितले."

"कसे होते, मावशी?" केमिगिशानं विचारलं.

"अंजिराच्या झाडावर चढून झोपले होते. पाय खाली लोंबत होते, माशा बसत होत्या. त्यासाठी एवढं डिझेल जाळलं! तसं तर आमच्याकडे यांचे भाऊही झोपतात."

"वहिनी, माझ्या भावाला मध्ये आणू नका," सेंगा म्हणाली.

"मध्ये कुठे आणतेय, वन्सं? झोपलेल्याला कोण आणणार!"

पुढे चिखलाची उतरण लागली. मुगारुरा झाडाच्या आड जाऊन म्हणाला, "सेंगा, त्यांना सांगा, मुळं धरून उतरा."

सेंगा वळली, पदर सारखा करावा तशी छत्री सारखी केली आणि म्हणाली, "वहिनी, मुलगा आपल्या कुशलाची चौकशी करतो. आपल्या सासर-माहेरची सर्व मंडळी सुखरूप असावीत अशी आशा करतो. आणि आपली इच्छा असल्यास, सवडीनं, मुळं धरावीत असं सुचवतो."

तोपर्यंत सासूबाई बसल्या बसल्याच खाली पोचल्या होत्या.

मुगारुरा झाडाआडून निघाला तर मागे सहाही गोरे एकेका झाडाआड उभे होते.

तीन

पुढे गेलेला माग काढणारा बारिग्ये रेडिओवर बोलला. सापडले! हातातल्या काठ्या ठेवल्या, मास्क चढवले. सासूबाईंचं अर्धं तोंड झाकलं गेलं. वनखातं आणि मसाकाची रीत यांचं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. मुगारुराला हायसं वाटलं. इथपर्यंत आलो, तासभर पाहायचं, परत जायचं. शनिवार शाबूत!

झाडी बाजूला झाली आणि समोर बुहंगा.

रुपेरी पाठीचा नर. बसला होता तरी उभ्या माणसाएवढा. आजूबाजूला त्याच्या तीन बायका पानं खात होत्या, पोरं अंगावर उड्या मारत होती, आणि हा शांतपणे एक देठ सोलत होता. सगळे श्वास रोखून बघत राहिले. सासूबाईंनीही हूं की चूं केलं नाही.

पण पिवळा पट्टा! पट्टा झगझगत होता.

बुहंगाचं सर्वांत धाकटं पोर घरंगळत आलं, गवतातून डोकं काढलं, आणि पट्ट्याचं लोंबतं टोक धरून ओढलं.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

"सोडा म्हणावं, सेंगा! सोडून द्या म्हणावं!"

"वहिनी, मुलगा म्हणतो, आपली इच्छा असल्यास..."

"इच्छा नाही! माझ्या लग्नातला आहे!"

पोरानं ओढलं. सासूबाईंनी ओढलं. मुगारुरा दोघांच्या मध्ये हात वर करून उभा. पोराला शिवायचं नाही, हा सरकारचा नियम. सासूबाईंना शिवायचं नाही, हा मसाकाचा.

"सेंगा, नुसता पट्टा धरला तर चालेल?" तो कुजबुजला.

सेंगा विचारात पडली. "पट्टा अंगावर असेल तर ते अंगच. अंगावरून सुटला तर कापड. किती सुटलाय?"

"अर्धा!"

"मग अर्धंच धर."

एवढ्यात पोर ठेचकाळलं आणि किंचाळलं.

बुहंगानं देठ खाली ठेवला.

मुगारुराला त्या ठेवण्याचा अर्थ ठाऊक होता. "सेंगा, खाली बसा म्हणावं! सगळे खाली! ताबडतोब!"

"अरे, ताबडतोब कसं म्हणू? वडीलधाऱ्यांना हुकूम सोडतोस?" सेंगा वळली. "वहिनी, मुलगा आपल्या कुशलाची..."

बुहंगा उठला. छाती बडवली. ढोल वाजावा तसा आवाज घुमला आणि तो सुटला. झाडं मोडत, मातीची ढेकळं उडवत, सरळ पिवळ्या गोमेसीच्या रोखानं!

मुगारुरा मध्ये शिरला. गुडघे वाकवले, नजर खाली केली. घशातून "हूं-हुम्म, हूं-हुम्म" असा गोरिलांचा समजुतीचा आवाज काढला. मास्क खाली ओढून हाताला लागतील ती पानं तोंडात कोंबली, म्हणजे बघ बाबा, मीही तुझ्यासारखाच साधा पालेखाऊ. सासूसमोर खाल्लं. सासूसमोर आवाज काढला. गेलं, सगळं गेलं! पण आता माघार घ्यायला हवी होती, एकेक पाऊल मागे. गोरिलाकडे पाठ करायची नाही, म्हणून वळता येईना. मागे सासूबाई, त्यांच्याकडे बघायचं नाही, म्हणून मान फिरवता येईना. तेव्हा तो तसाच न बघता मागे सरकला, आणखी मागे, आणखी थोडा, मग हळूच खाली बसला आणि

शून्य

मऊ लागलं.

जंगलात मऊ पुष्कळ असतं. शेवाळ असतं, कुजका पाला असतो. पण ते पिवळं नसतं. आणि त्याला हात नसतात. हे हात त्याच्या पोटाभोवती घट्ट आवळले गेले.

सासूबाईंनी शेवटी बसायचं ठरवलं होतं, आणि मुगारुरा त्यांच्या मांडीवर बसला होता.

बुहंगा हातभर अंतरावर थांबला. त्यानं पोराला काखेत घेतलं. मुगारुराकडे बघितलं, मुगारुरा ज्यांच्या मांडीवर बसला होता त्यांच्याकडे बघितलं, आणि मग, निघून जायचं सोडून, तिथेच फतकल घालून पाला खाऊ लागला.

हलायची सोय नव्हती. मुगारुरा चघळत राहिला. तोंडातलं पान झोंबणाऱ्या जातीचं निघालं, जीभ सुजत चालली, तरी चघळत राहिला. डोळ्यांसमोर शनिवार उभा होता. नान्तेझाचा चेहरा, दारातून परत पाठवलेल्या केळ्यांच्या टोपल्या, शरमेनं खाली बघणारे काका.

तेवढ्यात कानाशी आवाज आला. सासूबाईंनी जावयाशी उच्चारलेला पहिला शब्द.

"सरका जरा."

"...?"

"डोकं डावीकडे घ्या. मला तो दिसत नाहीये."

मुगारुरानं डोकं डावीकडे घेतलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला सहा गोरे दिसले. तिघे खाली बसले होते, तिघे त्यांच्या मांडीवर, आणि सगळे मास्क खाली ओढून मन लावून पानं चघळत होते.

सेंगाचा निवाडा

बुहंगा गेला. पोर गेलं. पट्टाही गेला.

परतीच्या वाटेवर केमिगिशानं मुगारुराला वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून ज्वारीची आंबील दिली. त्यातली निम्मी त्याच्या शर्टावर सांडली. हात थरथरत होते.

"बघ," तो सुजलेल्या जिभेनं म्हणाला. "लागलं. सासूला शिवल्याचं लागलं! आता जन्मभर असं!"

"गप रे!" केमिगिशा म्हणाली. "ते सासूचं नाही, गोरिलाचं आहे. जेवलास की जाईल."

खाली कार्यालयाजवळ सासूबाई आणि सेंगा केळीच्या पानात बांधून आणलेला उकडलेल्या केळ्यांचा मातोके उघडून बसल्या. बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं चाललं. मुगारुरा पाण्याच्या टाकीमागे उभा होता. शेवटी सेंगा छत्री टेकत त्याच्याकडे आली.

"सेंगा," तो म्हणाला, "मला ठाऊक आहे. शनिवारचं रद्द."

"रद्द का?"

"मी बसलो ना! सासूबाईंच्या... बसलो!"

"सासूबाई कोण?" सेंगा म्हणाली. "मागणी शनिवारी. जावई झालास तर शनिवारी होशील. आज गुरुवार. आज एक सरकारी नोकर एका पाहुणीच्या मांडीवर बसला. त्याला आमच्यात रीत नाही."

"म्हणजे... मी जावई नव्हतोच? मग सकाळपासून मी भिंतीशी बोललो, झाडाआड लपलो..."

"हो, ते का करत होतास? आम्ही म्हटलं, डोंगरातल्यांचं काही असेल. म्हणून मीही तुझा निरोप नीट सजवून सांगत होते. तुला वाईट वाटायला नको."

त्यानं टाकीला टेका दिला. पण शनिवार वाचला होता! हा आनंद एवढा मोठा होता की अपमान त्यात कुठल्या कुठे बुडाला.

"त्या काय म्हणाल्या, सेंगा?"

"खूश आहे. खरं सांगू? लग्नाआधी माणूस बघायचा होता, म्हणून आली. घरी बोलावून बघता येत नाही, इथे तिकीट काढून तासभर बघता येतं. म्हणाली, नवरा असावा तर असा. शांत. खाताना घाई नाही. पोरं अंगावर नाचली तरी चिडत नाही. आणि घरच्याला कुणी हात लावला तर उठतो!"

मुगारुराची छाती फुगली. लाजून त्यानं मान खाली घातली. "असं म्हणाल्या? माझ्याबद्दल?"

"बुहंगाबद्दल."

"...आणि माझ्याबद्दल?"

सेंगानं क्षणभर विचार केला.

"दिसतो त्यापेक्षा जड आहे, म्हणाली."

पुन्हा दहा

शनिवारी मसाकाला सगळं रीतसर झालं. मंडप होता, टोपल्या होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या टोपलीत एक नवा पिवळा पट्टा होता. मुगारुरा सतरंजीवर बसला, नजर खाली, हात स्थिर. आता तो खरोखरच जावई होत होता, त्यामुळे आज काहीही चुकवायचं नव्हतं. नान्तेझा समोरून हळूच हसली.

फक्त सेंगानं परस्पर त्या सहा गोऱ्यांना आमंत्रण दिलं होतं.

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई आल्या. नव्या गोमेसीत, झगझगत. त्यांना पाहिलं मात्र, आणि सहाही गोऱ्यांनी गर्रकन पाठ फिरवली. मग वाकले. मग तिघे खाली बसले, तिघे त्यांच्या मांडीवर, आणि सगळ्यांनी मंडपाच्या खांबाला बांधलेली केळीची पानं तोडून तोंडात घातली.

नान्तेझाकडचे वयस्क काका चष्मा सावरत बराच वेळ बघत राहिले. मग ते मुगारुराकडे वळले.

"हे तुमच्या डोंगराकडचे का?"

मुगारुरानं सासूबाईंकडे बघितलं नाही. सेंगाकडेही बघितलं नाही.

"हो," तो सतरंजीला म्हणाला. "चुलत मामांकडचे."