फोनमधून येणारा वास

गुरुदासबाबांना टेलिफोनमधून विडीचा वास यायचा. थट्टा नाही करत. गोव्याला घटक राज्य मिळालं त्या सुमाराला मी सुर्ल्याच्या एका खाणीवर कारकून होतो. टेबलावर फोन आणि छातीत खोकला. बायकोनं डिचोलीच्या या फार्मसीवाल्या गुरुदासबाबांना गाठलं आणि माझ्यामागं साडेसाती लावून दिली.

मी काडी ओढली की फोन वाजायचा.

"सायबा, खाली दवरात ती."

"काय खाली ठेवू?"

"उलयनाकात. स्वास सोडात."

मी न बोलता रिसीव्हरमध्ये श्वास सोडायचो. पलीकडं ते हुंगायचे. मग तो थंड आवाज, "च्या पियेतकच एक ओडल्या तुमी."

चहा पिऊन झाल्या झाल्या ओढलेली असायची! हापिसातले म्हणायचे, या फार्मसीवाल्याला देवचार, वाटेवरचं राखणदार भूत, वश आहे. मी म्हणायचो, देवचार परवडला, तो विडी ठेवली की वाट तरी सोडतो. शेवटी औषधानं नव्हे, भीतीनं माझी विडी सुटली.

त्या खुशीत गुरुदासबाबांनी मला श्राद्धपक्षात घरी बोलावलं. त्यांच्या थोरल्या भावाचा, शांतारामाचा म्हाळ होता. तो छातीच्या रोगानं गेलेला. परसात पान वाढलं, वडे, खीर, सगळं त्याच्या आवडीचं. माडांवर कावळे बसले होते, पण एक उतरेना, एक ओरडेना. नुसते बघत होते.

शांतारामाची बायको दारातून म्हणाली, "भावजी, एक विडी दवरा पानार. मरताना मागिल्ली तांणी. तुमी दिवक ना."

भावाला मरताना नाकारलेली ती विडी! गुरुदासबाबांनी गड्याकडून विडी मागून घेतली. काडी लावली, विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. झुरका घेतल्याशिवाय विडी धरत नाही, हे आम्हा जुन्या पाप्यांनाच ठाऊक. मी हात पुढं केला.

"तुमी नाका!" ते केवढ्यानं तरी ओरडले. आणि जन्मात पहिल्यांदा विडी ओठांत धरून त्यांनी स्वतःच झुरका घेतला.

ठसका लागला तो थांबेचना. वहिनीनं दाराची चौकट घट्ट धरली. "हो तांचोच खोकलो," नवऱ्याचा खोकला ओळखून ती पुटपुटली.

एक कावळा पानाशी उतरला.

गुरुदासबाबांनी पेटती विडी पानावर ठेवली. त्यांचे डोळे वाहत होते आणि मलाही बघवेना. ते खाली वाकून, माझ्याशी कधीच बोलले नव्हते इतक्या हळू आवाजात म्हणाले, "ओड रे दादा. आता दुखचें ना तुका."